चिकटवलेला ओळंबा

मित्रांनो, मी एक जुना ओळंबा आहे. भिंत बांधताना गवंडी दोरीला टांगून सोडतात ना, तो पितळेचा टोकदार गोळा! भिंत सरळ आहे की झुकली, हे मी सांगतो. त्यासाठी मी काहीच करत नाही. नुसता लोंबकळतो, थोडे हेलकावे घेतो आणि आपोआप थांबतो. थांबलो की माझे म्हणणे खरे असते.

मला विकत घेतले ते बांधकाम सांभाळणाऱ्या ताईंनी. ताओ नावाचा चीनमधला फार जुना विचार त्यांना आवडे. माझ्यावरूनच त्या तो कामगारांना समजावत.

"याला हात लावाल, तर हा खोटं बोलेल. माणसांचंही तसंच. सारखं ढकलू नये. पाण्यासारखं खालच्या जागी बसावं."

"म्हणजे तुम्ही बसणार आणि आम्ही राबणार!" वयस्कर गवंडीकाका चिडवत.

"बघा, काका, तुम्हाला लगेच कळलं!"

एकदा जिना कसा बांधायचा यावरून दोन गवंडी हमरीतुमरीवर आले. ताई पालथ्या घमेल्यावर बसून ऐकत राहिल्या. दमल्यावर त्या दोघांनीच तोड काढली. कुणाची चूक झाली, तर तो स्वतःहून ताईंना येऊन सांगे.

इमारत पुरी झाली आणि मालक पाहायला आले.

"वा! कुणाचं हे काम?"

काका छाती फुगवून म्हणाले, "आमचं! कुणाला काही सांगावंच लागलं नाही."

ताईंचा चेहरा खुलला. मालकांच्या कपाळाला मात्र आठी पडली. "मग या बाई करत काय होत्या?"

पुढच्या कामावर ताई नव्हत्या, मी मात्र अवजारांच्या पेटीत तसाच राहिलो. काका कितीतरी दिवस स्वतःच्या जिभेला दोष देत होते.

ताईंच्या जागी आलेले नवे साहेब दिवसभर ओरडत. ते ओरडणे मालकांना लांबूनही ऐकू येई, म्हणून मालक खूश. एकदा मी हेलकावे घेत होतो, तर साहेबांना धीर निघेना. त्यांनी मला मुठीत धरले. "हा बघा, थांबला! लावा विटा."

भिंत झुकत चालली. काकांना ते दिसत होते. पण तोंड उघडले की अंगावर ओरडा येई, म्हणून ते मान खाली घालून विटा लावत राहिले. शेवटी भिंत पाडावी लागली आणि काकांना कामावरून काढले.

"दिसत होतं ना तुम्हाला?"

"दिसत होतं, साहेब."

"मग बोलला का नाहीत?"

काकांनी थापी पिशवीत टाकली. मग ते फाटकाबाहेर निघून गेले.

आता मी साहेबांच्या टेबलावर, एका छोट्या चौकटीत टांगलेला असतो. सध्या सगळीकडे ताओचे कौतुक चालले आहे. साहेब त्यावर नव्या मुकादमांना भाषणे देतात. "माणसांना मोकळं सोडा!" असे ते टेबलावर मूठ आपटून सांगतात. त्या दणक्याने मी हलायचो आणि मुकादम हसायचे. म्हणून साहेबांनी माझे टोक चौकटीच्या तळाला चिकटवून टाकले.

मित्रांनो, उद्या तुमच्या हाताखाली चार माणसे येतील. त्यांना मुठीत धरू नका, जरा थांबा. आणि कुणी गाजावाजा न करता तुमचे काम सोपे केले असेल, तर आधी त्याचे नाव घ्या. ताईंचे नाव कुणी घेतले नाही.

साहेबांच्या टेबलाचा एक पाय खचून ते झुकले आहे. मला हलून ते दाखवता येत नाही, आणि ज्यांना दिसते ते बोलत नाहीत.