रिकामा चंबू

"रसायनशास्त्र एकच आहे. शाखा माणसांनी पाडल्या," अध्यक्ष बोरिस्लावाबाईंनी नेवेनाच्या प्रबंधावरच्या अहवालातलं पहिलं वाक्य उभ्याने वाचलं आणि त्या खाली बसल्या. त्या स्वतः असेंद्रियवाल्या. त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी सोडून सेंद्रियवाले तिहोमीर सर बसले होते, पुढची एक सोडून भौतिकवाले, आणि पार खिडकीशी सैद्धांतिकवाले. चार विभाग, चार मजले. चौघं याआधी एकत्र आले होते ते लिफ्ट अडकली तेव्हा.

नेवेना पडदे ओढू लागली.

दक्षिण सर्बियातल्या त्या विद्यापीठात चारही शाखा जोडणारी ही पहिलीच पीएचडी. म्हणजे नेवेनाने सेंद्रिय मजल्यावर एक रेणू बनवला, असेंद्रिय मजल्यावर त्याला जस्त जोडलं आणि भौतिक मजल्यावर तो अतिनील दिव्याखाली धरला. तो निळा चमकला. सैद्धांतिकवाल्यांच्या संगणकाने तो हिरवा चमकेल असं सांगितलं होतं. पण निळा चमकतो असं कळवल्यावर संगणकालाही निळं दिसू लागलं. त्या चमकेवर सहा वर्षं आणि एक प्रबंध उभा होता. पदवी मिळाली तर ऑक्टोबरपासून तिला इथेच नोकरी होती. नाही मिळाली तर मामाचा मिरच्यांचा मळा होता.

परवा ती प्रयोगशाळा आवरत होती. दिवा चालू राहिला होता. त्याखाली धुऊन पालथा घातलेला चंबू निळा चमकत होता. रिकामा.

काचसामान धुण्याचा खास साबण यायचा बंद झाल्यापासून तिथे कपड्यांची पावडर वापरत. पांढरे कपडे उजळ दिसावेत म्हणून तिच्यात एक द्रव्य घालतात, ते अतिनील प्रकाशात निळं चमकतं. नेवेनाला हे ठाऊक होतं. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना तीच ते शिकवायची. तिने खोक्यातून एक कोरा चंबू काढला, त्यात आपलं संयुग घातलं आणि दिव्याखाली धरलं. काळोख.

ती तिहोमीर सरांकडे गेली. तिचे मार्गदर्शक तेच.

"चंबू नीट धुतला होतास ना?"

"धुतला म्हणूनच चमकतोय, सर."

सरांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.

"परीक्षेनंतरच्या जेवणाचं सांगून झालंय?"

"आईने कोकरू सांगितलंय."

"मग बघू," सर म्हणाले.

ती घरी गेली आणि तिने परकराला इस्त्री केली. आधीच केलेली होती.

आता पडदे ओढून झाले. नेवेनाने दिवा लावला आणि त्याखाली दोन चंबू ठेवले. मागच्या रांगेत आई, मामा आणि मळ्यावरची मंडळी ठेवणीतले पांढरे सदरे घालून बसली होती. अंधारात माणसं गेली आणि सदरे तेवढे निळे उरले.

"रादमिला, माझी कॉलर बघ," मामा आईच्या कानात कुजबुजला. "नवरदेव वाटतोय मी."

"गप्प बस रे दादा. तिला बोलू दे."

"डावीकडच्या चंबूत माझं संयुग आहे," नेवेना म्हणाली. "उजवीकडचा रिकामा आहे."

दोन्ही चमकत होते. उजवीकडचा जरा जास्तच.

कुणाची तरी खुर्ची करकरली.

"माझ्या गणितात चंबू धरलेला नाही," सैद्धांतिकवाले म्हणाले.

"आम्हाला देतात तो नमुना आम्ही मोजतो," भौतिकवाले म्हणाले. "त्यात काय पडलंय हा शुद्धतेचा प्रश्न. वरच्या मजल्याचा."

"वरून निघाला तेव्हा शुद्धच होता," तिहोमीर सर म्हणाले. "पुढे जस्त कुणी जोडलं?"

"जस्ताला यात ओढू नका, तिहोमीर. जस्त आपल्या जागी आहे," बोरिस्लावाबाई म्हणाल्या.

"चमक साबणाची आहे," नेवेना म्हणाली. आवाज आपला आहे की कुणा दुसऱ्याचा, हे तिला नीटसं कळलं नाही. "माझ्या रेणूची नाही. कधीच नव्हती."

बोरिस्लावाबाईंनी अंधारात उजवीकडे पाहिलं, मग डावीकडे.

"साबण आपल्यापैकी कुणाच्या शाखेत येतो?"

तीन खुर्च्या जराशा मागे सरकल्या.

"मग तो समितीपुढचा विषय नाही. पडदे उघडा कुणीतरी."

निकाल ऐकायला सगळे उभे राहिले. शाखाशाखांमधली दरी बुजवल्याबद्दल विशेष उल्लेखासह, एकमताने पदवी. आई रडली. चौघांनी नेवेनाशी हस्तांदोलन केलं. चौथ्यानंतरही तिचा हात तसाच पुढे राहिला. मग मामाने त्यात रकिया या घरगुती दारूचा पेला ठेवला.

जेवण तिथेच मांडलं होतं. कोकरू चांगलं झालं होतं. चीज भरून भाजलेली पिटा आधी संपली. भौतिकवाल्यांनी सैद्धांतिकवाल्यांच्या आरोग्यासाठी पेला उंचावला आणि तांबडी वाइन आईने घरून आणलेल्या पांढऱ्या टेबलक्लॉथवर सांडली.

मंडळी पांगल्यावर आईने टेबलक्लॉथ गोळा केला.

"डॉक्टरीणबाई, तुमच्याकडे धुवायला काही असेल ना?"

नेवेनाने तिला प्रयोगशाळेत नेलं आणि नळाखालचं पावडरीचं खोकं पुढे केलं. बाह्या सारून दोघींनी आळीपाळीने घासलं. आई मामाच्या सदऱ्याबद्दल बोलत होती. नेवेना हं हं म्हणत होती.

डाग गेला नाही.