काशीबाईचं उलटं बोलणं

भिकाजी म्हणजे मुलखाचा उलटा माणूस. पूर्व म्हणा, हा पश्चिमेला तोंड फिरवील! काशीबाईनं लग्नाच्या पहिल्याच वर्षी हे ओळखलं आणि माहेरी धामापुरात ऐकलेली कासवाची गोष्ट संसाराला जुंपली. तळ्यातलं कासव पकडणाऱ्याला विनवतं, "भाज, काप, पण पाण्यात तेवढं टाकू नको!" आणि तो शहाणा त्याला नेमका पाण्यातच फेकतो. मग काय विचारता! "परसात बाव नको" म्हटलं, विहीर खणली गेली. "पूजाक कॉलेज कित्याक?" म्हटलं, लेक नर्स झाली. नवऱ्याशी सरळ बोलायचं असतं, हेच काशीबाई विसरून गेली.

यंदा काजूच्या बागेत भिकाजीच्या पायात काटा मोडला. अंगात साखरेचं दुखणं, वर औषधाचा कंटाळा. पाय घोट्यापर्यंत काळा पडला. पूजा कट्टा गावच्या दवाखान्यातून गाडी घेऊन आली. "बाबा, आज पाय काढूक नाय तर विष अंगभर पसारतला. जीव जायत."

भिकाजी भिंतीकडे तोंड करून पडलेला. काशीबाईनं लेकीला डोळ्यांनीच गप्प केलं. हातात हत्यार होतं ते एवढंच.

"खंयचा हॉस्पिटल नि खंयचा काय!" ती फणकारली. "पाय कापून घराक धाडतले, मगे मीच निस्तरतलंय. काय नको. पडून रवा हयसरच."

भिकाजी कुशीवर वळला. किती वर्षांनी त्यानं तिच्याकडे नीट बघितलं असेल!

"बरा," तो म्हणाला. "तू म्हणतंस तसा. पूजा, गाडी परत धाड."

काशीबाईनं हात जोडले. "अहो, खोटा बोललंय मी! पाया पडतंय, चला!"

"खोटा ता माका ठावक आसा. बाव खणलंय तेवाय ठावक होता." त्याला धाप लागली. "तुझ्या मनातला ओळखून करीत इलंय गो. आता दमलंय. एकदा तरी तू बोललंस ताच करतंय."

पूजा रडली, भांडली, डॉक्टरला घरी घेऊन आली. तो हलला नाही तो नाहीच. गाडीवाला दुपारपर्यंत वाट बघून निघून गेला.

मग काशीबाई उशाशी बसून एकच सांगत राहिली, "जाव नकात." जन्मात पहिल्यांदा इतकं सरळ. 'जावा' म्हणून बघावं, असंही एकदा तिच्या मनात आलं, पण जीभच रेटेना. भिकाजी दुसऱ्या दिवशी गेला.