घाण्याला पाजलेलं तेल

"काका, तुमी आत यायचं न्हाई," कॉलेजातल्या तेल-प्रकल्पाच्या प्रमुख महेश्वरी मॅडम प्रयोगशाळेच्या दारातच म्हणाल्या. "समितीनं विचारलं तर मशीन रेणुका चालवती. तुमी बिया पाखडणारे."

"पाखडतो की मग," गुरुपाद म्हणाला आणि सूप घेऊन खिडकीखाली बसला.

रकाना ३ : उद्देश

करंजाच्या बियांपासून विमानाचं इंधन. विमानाचा धूर कमी व्हावा म्हणून केंद्राचं अनुदान, दोन टप्प्यांत. बिया बोरी गावाकडच्या बांधावरच्या. ठळक अक्षरात एक अट : खायचं तेल वापरायचं नाही. माणसाच्या ताटातलं विमानाला द्यायचं नाही.

ही अट गुरुपादला कोणी वाचून दाखवली नव्हती.

रकाना ७ : मनुष्यबळ

यंत्रचालक : रेणुका, पदविका उत्तीर्ण.

रेणुका संगणकावर आकडे भरायची. तेल काढायच्या यंत्रावर तीन वर्षं गुरुपादच होता. मानवतला त्याच्या वडिलांचा तेलघाणा होता. बी दातात फोडून तो किती तेल निघेल ते सांगायचा. पण दहावी नापास माणसाला हे पद देता येत नव्हतं.

रकाना ११ : नमुन्यातील दोष

पुण्याहून आलेल्या समितीच्या सदस्यांनी तपासणीचा अहवाल टेबलावर सरकवला. "मॅडम, करंजाच्या तेलात करडईचं तेल सापडलंय. प्रत्येक नमुन्यात. उतारा जास्त दाखवायला मिसळलं, असंच कोणीही म्हणेल."

"आम्ही काही मिसळलेलं नाही, सर."

"मग आलं कुठून? मला भेसळ लिहावं लागेल. त्यानंतर तुम्हाला कुठंच संशोधनाचं काम मिळणार नाही, हे तुम्हाला माहीत आहे."

खिडकीखाली सूप थांबलं.

या मजकुरासाठी अर्जात रकाना नाही

कोरडा घाणा राबवू नये, आधी त्याला पाजावं. वडील असंच करायचे. म्हणून गुरुपाद रोज सकाळी पहिल्या बिया टाकण्याआधी यंत्राच्या तोंडात अर्धा पाव करडईचं तेल ओतायचा. घरून आणलेलं. कॉलेजकडे त्यानं ते कधी मागितलं नाही.

तो उठला, धोतराला हात पुसले आणि आत गेला.

"सायेब, ते तेल माझ्या घरचं हाय."

"हे कोण?"

"काका, बाहेर जा," मॅडम म्हणाल्या.

"रोज घाण्याला पाजतो मी. न्हाई पाजलं तर पहिलं तेल जळकं निघतं."

"यंत्र तर या रेणुका चालवतात ना?"

रेणुकानं मान खाली घातली.

"पोरगी गुणाची हाय सायेब, पण तिला त्याचं झाकण बी उघडता येत न्हाई. ती मशीनपाशी आली तर ओढणी सांभाळू का बिया, अशी गत."

कोणी हसलं नाही. सदस्यांनी पेन्सिलीनं हिशेब मांडला. अर्धा पाव, दिवसाच्या बिया, निघालेलं तेल.

"आकडा जुळतो," ते म्हणाले. "भेसळ लिहीत नाही. पण तीन वर्षांचा एकही नमुना आता धरता येणार नाही. दुसरा टप्पा विसरा."

मॅडमनी अहवाल मिटून ठेवला. "काका, मला एकदा सांगायचं तरी."

"सकाळी काय करतो म्हून तुमी बी कधी इचारलं न्हाई, ताई."

जबाब

"पूर्ण नाव?"

"गुरुपाद शिवकांत तेली. मु. पो. मानवत."

"पद?"

गुरुपादनं मॅडमकडं पाहिलं.

"यंत्रचालक," मॅडम म्हणाल्या. "तसंच लिहा, सर."

त्याखाली गुरुपादनं एकेक अक्षर जोडत सही केली. प्रकल्पाच्या कागदांत त्याचं नाव पहिल्यांदाच आलं होतं.

शेवट

शिपाई किशनराव लाख आणि कापड घेऊन यंत्रापाशी आला. यंत्राला सील लावायचा हुकूम होता. गुरुपाद वाकून लोखंडी पट्टीनं आतली पेंड खरवडत होता.

"हो बाजूला, काका. मला बाकीची दारं बी लावायची हायत."

"थांब जरा. पेंड आत राहिली की सकाळपस्तोर दगड होती. मग घाणा फिरत न्हाई."

"सकाळी कोण फिरवायलाय हो?"

गुरुपादनं पट्टी आणखी खोल घातली. किशनरावानं लाखेची कांडी खिशात ठेवली आणि यंत्राचं जड झाकण दोन्ही हातांनी वर धरलं.