डाव्या चाकातला आत्मा

उताराच्या पायथ्याशी, पत्र्याच्या शेडपुढे सकाळपासून गाड्यांची रांग लागायची. टॅक्सी, टेम्पो, पाण्याचा टँकर. कुणाच्या चाकातून धूर, कुणाच्या चाकाला जळका वास. गादीवर चाकबुवा डोळे मिटून बसलेले. चेला चारही चाकांवर तीर्थ शिंपडायचा, बुवा क्षणभर स्तब्ध व्हायचे आणि पापणी न हलवता तापलेलं चाक नेमकं सांगायचे. मग अर्धा तास जप. जप संपला की चाक गार, आणि बघे गारद.

व्हॅनकाका तीन आठवडे या रांगेत होते. शाळेतल्या मुलांची ने-आण करणारा हा साधा माणूस. त्यांच्या व्हॅनचं पुढचं डावं चाक रोज तापत होतं. बुवांनी निदान केलं होतं, "बाळा, या चाकात अतृप्त आत्मा आहे. त्याला प्रवासाची भारी हौस, पण जन्मभर कुणी गाडीत घेतलं नाही. आता तुझ्याकडे फुकट फिरतोय." काकांना त्या आत्म्याची दयासुद्धा आली होती.

मग एका सकाळी गाडीत अकरा मुलं असताना, उताराच्या मध्यावर काकांनी ब्रेक दाबला आणि पेडल थेट खाली गेलं. त्यांनी गियर खाली आणला, हँडब्रेक थोडा थोडा ओढला आणि कडेला बांधकामासाठी टाकलेल्या वाळूच्या ढिगात व्हॅन घातली. मुलांना मजा वाटली. त्यांनी टाळ्या वाजवल्या. काका मात्र खाली उतरून एकेका मुलाला चाचपून बघत होते.

दुपारी ट्रकमागे बांधून व्हॅन ताईच्या अंगणात आली. काकांची ही थोरली बहीण तंत्रशाळेत तीस वर्षं गाडीदुरुस्ती शिकवून निवृत्त झालेली. आत्म्याची हकिगत तिने शेवटपर्यंत ऐकली आणि एवढंच म्हणाली, "त्याला नंतर भेटू. आधी चाक उचल."

मागच्या चाकांना विटा लावून, गाडी न्यूट्रलला ठेवून पुढची बाजू जॅकवर घेतली. उजवं चाक एका बोटाने फिरलं. डाव्याला दोन्ही हातांनी जोर लावावा लागला. ताईने ब्रेकमधली हवा काढायचा नट किंचित सैल केला. थोडं तेल आलं, चाक तसंच घट्ट. ती म्हणाली, नळीत दाब अडकला असता तर आता सुटलं असतं. म्हणजे दुखणं नळीत नाही, चाकापाशीच आहे. चाक काढलं आणि आत्मा सापडला. चाकामागच्या तबकडीला, म्हणजे डिस्कला, दोन्हीकडून पकडणारा ब्रेकचा चिमटा ज्या दोन पिनांवर सरकतो त्यातली एक गंजून जाम झाली होती. आतला पॅड झिजून पत्र्याला टेकलेला, बाहेरचा जवळजवळ नवा.

"तू पाय काढतोस, पण हा सोडत नाही," ताई म्हणाली. "दिवसभर घासतो, तापतो. ब्रेकचं तेल उकळतं, त्यात बुडबुडे होतात. मग तू ब्रेक दाबत नाहीस, बुडबुडे दाबतोस. अकरा पोरं होती ना रे गाडीत?"

काकांनी उजव्या चाकाचेही नट सैल करायला घेतले.

दोन दिवस दुरुस्ती चालली. पिना आणि त्यांची रबरं नवी, त्यांना लागतं तेच ग्रीस, पॅड आणि डिस्क दोन्ही बाजूंना नव्या, तेल पूर्ण बदललेलं. सपाट रस्त्यावर मोठी फेरी मारून दोन्ही चाकं सारखीच कोमट आहेत हे पाहिलं, आणि मगच ताई व्हॅनमध्ये बसून शेडकडे निघाली. उतार दोघं खालच्या गियरमध्ये उतरले. शेजारच्या चहाच्या टपरीवर बसून त्यांनी गाडी चांगली निवू दिली आणि मग रांगेत लावली.

नंबर आल्यावर ताईने चेल्याचा हात धरला. बुवांची दृष्टी दिव्य आहे, तेव्हा आज पाण्याशिवायच सांगावं, अशी तिने नम्र विनंती केली. बुवा चपापले, पण व्हॅन ओळखीची होती.

"डावं, पुढचं," ते गरजले. "आत्मा आज फार खवळलाय. हात लावाल तर जळाल."

ताईने शांतपणे त्याच चाकावर पाणी सोडलं. ना चर्र झालं, ना वाफ निघाली. मग तिने तळवाच टेकवला आणि रांगेकडे पाहत तसाच ठेवला. बुवा म्हणाले की आत्मा आता या बाईंच्या अंगात शिरलाय. तेव्हा मात्र टँकरवाला हसला आणि मागोमाग सगळेच.

ताईने हसण्यावर नेलं नाही, सगळ्यांना समजावून सांगितलं. तापलेल्या चाकावर पाणी पडलं की चर्र आवाज होतो. डोळे मिटलेल्या माणसालाही तो ऐकू येतो. लांब उतारावर सारखा ब्रेक दाबला की कुणाचंही चाक तापतं आणि अर्धा तास उभं राहिलं की जपावाचून निवतं. वर तापल्या लोखंडावर गार पाणी टाकलं तर त्याला तडा जाऊ शकतो. "गाडी बोलत असते," ती म्हणाली. "वास देते, एका बाजूला ओढते. तिचं ऐका आणि तिचं काम जाणणाऱ्याला विचारा."

बुवा तोवर मागच्या दाराने निघून गेले होते.

संध्याकाळी काकांनी अकराही घरांची दारं वाजवली. तीन आठवडे काय चाललं होतं आणि उतारावर काय झालं, हे कुठेही लपवाछपवी न करता सांगितलं. दोन घरांनी मुलं पाठवणं बंद केलं. काकांनी त्यांना दोष दिला नाही. बाकीच्या नऊ जणांना ते आता रोज नेतात-आणतात, आणि दर रविवारी जॅक लावून चारही चाकं हाताने फिरवून पाहतात. तुमची गाडी असेल तर तुम्हीही पाहा. आणि नसेल तरी, कुणी डोळे मिटून काही सांगू लागला तर आपले उघडे ठेवा.