पुसलेला थर

वाटी फरशीवर टेकल्याचा टण्ण आवाज झाला आणि दुपारपासून गप्प असलेलं घर जागं झालं. करुणा लेकीला, साक्षीला, थापटत पडली होती. आवाज सासऱ्यांच्या, भिवाजींच्या खोलीतून आला. खाटेपाशी वाटीचं काय काम? ती तशीच उठून आत गेली.

जनकाबाई नवऱ्याच्या पायाशी बसल्या होत्या. पट्टी सोडलेली. वाटीत कडुलिंबाच्या पाल्याचं कोमट पाणी, हातात जुन्या लुगड्याचा बोळा.

"आत्याबाई, पट्टी काहून सोडली?"

"पिवळं पाझरून राहिलं होतं. पू झाला होता माय, चिकट. आतून समदा काढला." काम उरकल्याचं समाधान आवाजात होतं. "बघ, कसं लाल निघालं."

करुणानं वाकून जखमेत पाहिलं. तो पू नव्हता.

शुगरमुळं भिवाजींच्या तळव्याची जखम चार महिने भरत नव्हती. परवा हिंगोलीच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्यात जेलचा पातळ थर बसवला होता. अशा जखमेत शरीराच्या राखणदार पेशी नुसत्या भांडत बसतात, हा थर त्यांना भांडण सोडून डागडुजीला लावतो, असं त्यांनी समजावलं होतं. थर विरघळेल, पिवळा दिसेल, पू वाटेल. आठ दिवस हात लावू नका. एवढं करूनही जखम भरली नाही तर पाऊल काढावं लागेल.

भिवाजी तेव्हा बाहेर बाकावर होते; हे ऐकणारी एकटी करुणा. येताना साक्षीनं जीपमध्ये उलटी केली, घरी आल्यावर कपडे, स्वयंपाक. पट्टी भिजू देऊ नका, एवढंच तिनं घरात सांगितलं. बाकीचं राहूनच गेलं.

"दुखलं का मामा?" तिनं विचारलं.

"तळव्याला कळंल तर दुखंल ना," भिवाजी हसले. "तुझ्या सासूनं बैल धुतल्यावानी धुतलाय."

ती फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली.

"वरचं पुसलं की आतून?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"आतून. मॅडम, चूक माझी हाये. मी घरात सांगितलंच न्हाई."

"दिलेल्यातली कोरडी पट्टी बांधा. उद्या सकाळी घेऊन या. किती उरलंय ते पाहिल्याशिवाय मी काही सांगू शकत नाही."

पदरानं डोळे पुसून ती परत आली, हात धुऊन पट्टी बांधू लागली. जखमेच्या एका कडेला पिवळा ओलावा अजून होता. नखाएवढा. तेवढा पुरेल का?

"उद्या हिंगोलीला जाऊन येऊ," ती म्हणाली.

जनकाबाईंनी बोळा मुठीत दाबला. "परवाच तर जाऊन आले. चुकलं का माझं काही?"

"न्हाई आत्याबाई. बरं केलं तुमी."

दारात साक्षी उभी होती, झोपेतून उठलेली, केस विस्कटलेले.

"आई," ती म्हणाली, "मग तू फोनवर काहून रडत होती?"