तिसऱ्या खांबावरची घंटा

माझं दुकान कुलपांचं आणि दारावरच्या पाट्यांचं. हरवलेली किल्ली बनवून देतो, अडकलेलं कुलूप उघडून देतो आणि पितळेवर नाव ठोकून देतो. प्रत्येक अक्षराचा एक पोलादी ठसा असतो. तो पितळेवर धरायचा आणि वर हातोडीचा एकच ठोका द्यायचा. चाळीस वर्षं हे काम करतोय, त्यामुळे माझा हात खोटं बोलत नाही. तोंडाची खात्री मी देत नाही.

तोंडाने मी आयुष्यात एकच मोठी थाप मारली, पण ती तीस वर्षं पुरली.

मुलगी चार वर्षांची असताना तापाने फणफणली होती. तीन रात्री ताप हटेना. तेव्हा मी नवस बोललो की, ही बरी झाली तर डोंगरावरच्या देवळात हिच्या नावाची घंटा बांधीन. मुलगी बरी झाली. मी घंटेवर तिचं नाव ठोकलं आणि रविवारी एकटाच निघालो. देवळाच्या अलीकडे एक उभा कातळ लागतो. त्याला लोखंडी साखळी लावलेली आहे, ती धरून चढावं लागतं. मला उंचीची भीती वाटते हे मला त्या साखळीपाशी कळलं. तोवर मी दुकानातल्या स्टुलापेक्षा उंच कशावर चढलोच नव्हतो. अर्धा तास साखळी धरून उभा राहिलो आणि परत आलो.

दारात बायको मुलीला कडेवर घेऊन उभी होती. तिने विचारलं, "बांधली?"

कडेवरच्या मुलीने माझ्याकडे बघून हात हलवला. मी म्हणालो, "बांधली. डावीकडे, तिसऱ्या खांबावर."

इतकी बारीक माहिती देण्याची काही गरज नव्हती. पण खोटं बोलणारा माणूस पत्ता नीट देतो. घंटा मी दुकानात जुन्या किल्ल्यांच्या खणात टाकली. पुढे कधीतरी ती दिसेनाशी झाली, तेव्हा भंगारात गेली असेल म्हणून मी सुटकेचा श्वास सोडला.

पण सुटका कसली? मुलगी परीक्षेत पास झाली की बायको म्हणायची, "तुमच्या घंटेची कृपा." नोकरी लागली, घंटेची कृपा. लग्न जमलं, घंटेची कृपा. दर वेळी मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, आणि ती लाज झाकायला मी गोष्टीत थोडी भर घालायचो. आधी सोसाट्याचा वारा आणला. मग साखळीवर साप आणला. मागच्या महिन्यात नातवाने फोनवर ती गोष्ट पुन्हा सांगायला लावली, तेव्हा पोराला कंटाळा येऊ नये म्हणून वाघ आणला.

आठवड्याने मुलीचा फोन आला. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून तिने त्याच डोंगरावरची सूर्योदयाची सहल ठरवली होती. गाइड सोबत, डोक्याला बांधायची बॅटरी मोफत.

"माझे गुडघे," मी म्हणालो.

"माझे चांगले आहेत," बायको म्हणाली. "मला ती घंटा बघायची आहे."

माझ्या सबबी संपल्या. पण मी कारागीर माणूस. दुसऱ्या दिवशी बाजारातून नवी घंटा आणली, दुकान बंद करून तिच्यावर नाव ठोकलं आणि ती तीस वर्षं जुनी दिसावी म्हणून मीठ आणि व्हिनेगर लावून बाल्कनीतल्या कुंडीत पुरली. चार दिवस ती मातीत मुरली. चारही दिवस बायको त्या कुंडीला वेळेवर पाणी घालत होती.

बेत साधा होता. सगळ्यांच्या आधी वर पोहोचायचं, तिसऱ्या खांबावर घंटा अडकवायची आणि घाम पुसत उभं राहायचं.

सहलीच्या पहाटे आम्ही दहा जण पायथ्याशी जमलो. गाइड म्हणजे एक निवृत्त पीटीच्या शिक्षिका होत्या. गळ्यात शिट्टी, हातात यादी. मी मनातल्या मनात त्यांचं नाव शिट्टीबाई ठेवलं. त्यांनी आमची नावं विचारलीच नाहीत, प्रत्येकाला नंबर दिला. बायको आठ नंबर, मी नऊ.

"याआधी कोणी वर गेलंय का?" त्यांनी विचारलं.

सगळ्यांनी नकारार्थी माना हलवल्या. मी बुटाची नाडी बघत होतो.

"हे गेलेत ना," बायको म्हणाली.

शिट्टीबाईंचा चेहरा उजळला. त्यांनी पिशवीतून एक नारिंगी जॅकेट काढलं. पाठीवर मोठ्या अक्षरांत 'अनुभवी' असं लिहिलं होतं. "नऊ नंबर, हे घाला. अनुभवी माणूस रांगेत सर्वांत शेवटी चालतो. कोणी मागे राहिलं तर त्याला घेऊन येतो. तुमच्या आधी सगळे वर पोहोचले पाहिजेत."

झालं. सगळ्यांच्या आधी पोहोचायचं होतं तो मी सगळ्यांच्या मागे, आणि पाठीवर पाटी लावून. आयुष्यभर लोकांना पाट्या करून दिल्या, पण इतकी चुकीची पाटी माझ्या हातून कधी गेली नाही.

चढ सुरू झाला. माझ्या पिशवीतल्या घंटेच्या लोलकाला मी मोजा गुंडाळून ठेवला होता. पहिल्या वळणावर तो मोजा सुटला.

टिण.

शिट्टीबाई थांबल्या. "फोन बंद ठेवायचे असं मी सांगितलं होतं. कोणाचा वाजला?"

सगळ्यांनी खिसे चाचपले. चार नंबर हा गळ्यात मोठा कॅमेरा अडकवलेला गृहस्थ होता. त्याने तर कॅमेरासुद्धा बंद केला. आम्ही पुढे निघालो. टिण. मी पावलं हळू टाकली. टिण. पावलं लांब टाकली. टिण टिण.

"गुरं असतील," मी म्हणालो.

"अंधारात गुरं डोंगर चढत नाहीत, नऊ नंबर."

"एखादं चुकलेलं असेल."

"मग अनुभवी माणसाने मागे जाऊन बघून यावं," त्या म्हणाल्या. त्यामुळे मला वीस पावलं मागे जावं लागलं, अंधारात उभं राहून नसलेल्या गुराला हाकलावं लागलं आणि पुन्हा वीस पावलं चढावी लागली. येताना मीच वाजत आलो. बायको माझी वाट बघत थांबली होती. तिने एवढंच विचारलं, "सापडलं?"

"पळालं," मी म्हणालो.

थापेचं असंच असतं, एक वाघ कमी होता म्हणून आता गायही आली.

कातळाच्या आधी पाच मिनिटांची विश्रांती होती. मी एका मोठ्या दगडाआड गेलो, मोजा पुन्हा बांधायला घंटा बाहेर काढली आणि कपाळावरच्या बॅटरीचा झोत नेमका नावावर पडला. मी ते वाचलं. मग खाली बसलो आणि पुन्हा वाचलं.

घंटेवर मुलीचं नाव होतं आणि पुढे तिच्या सासरचं आडनाव होतं.

तिच्या नव्या घराची पाटी मीच केली होती. तिला पाठवायच्या प्रत्येक डब्यावर, प्रत्येक खोक्यावर गेली आठ वर्षं मी तेच नाव घालतो. हाताला सवय झालेली. दुकान बंद करून, घाबरत घाबरत ठोकताना हाताने आपलं नेहमीचं काम चोख केलं होतं. चार वर्षांच्या मुलीसाठी तीस वर्षांपूर्वी बांधलेली घंटा, आणि तिच्यावर तिच्या नवऱ्याचं आडनाव. तो जावई तेव्हा स्वतः सात वर्षांचा होता.

 घंटा तशीच पिशवीत कोंबली. तेवढ्यात शिट्टी वाजली आणि सगळे साखळीपाशी रांगेत उभे राहिले.

साखळी तशीच होती. कातळ तर मला आणखी उभा वाटला. एकेक नंबर वर गेला. शेवटी आम्ही दोघंच उरलो. माझे हात साखळीवर होते आणि पाय काही केल्या जमीन सोडेनात. तीस वर्षांत मी इंचभरही पुढे सरकलो नव्हतो.

"डावा पाय आधी," माझ्यापुढे चढता चढता बायको म्हणाली. "आणि मधल्या कडीला धरू नका, ती ढिली आहे."

सहलीच्या माहितीपत्रकात छापलेलं असणार असं मला वाटलं. मी डावा पाय टाकला. उजवा टाकला. मग खाली बघितलं, आणि पुन्हा थिजलो.

वरून तिचा आवाज आला. "मागच्या दाराला कुलूप लावलंत का हो?"

"म्हणजे काय?"

"निघताना. मला काही तुम्ही लावताना दिसला नाहीत."

आता ही विचारायची वेळ होती का? आणि कुलूपवाल्याला? मी चिडलो. मनातल्या मनात घरभर फिरलो. गॅस बंद केला, पुढची खिडकी लावली, चष्मा घेतला, मग मागच्या दाराकडे गेलो की नाही? किल्ली हातात घेतल्याचं आठवत होतं, पण फिरवल्याचं आठवत नव्हतं. "अगं, लावलं असेल," मी ओरडलो आणि बघतो तो माझ्या पायाखाली सपाट दगड होता. कातळ संपला होता.

देऊळ छोटंसं होतं. बाहेर दगडी खांबांची ओळ आणि खांबाखांबावर शेकडो घंटा. पूर्वेला आभाळ तांबडं झालं होतं. शिट्टीबाईंनी सगळ्यांना कठड्याशी उभं केलं आणि हातातल्या घड्याळावरून उलटे आकडे मोजायला लागल्या, जणू सूर्यही त्यांच्याच वर्गात होता. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या.

मी हळूच डावीकडे सटकलो. निदान आडनावावर शेंदूर फासता आला तर बघावं, असा विचार होता. पहिला खांब. दुसरा. तिसऱ्या खांबापाशी जागा शोधायला हात वर केला आणि तो तसाच राहिला.

तिथे एक घंटा होती. हिरवी पडलेली. तिच्यावर माझ्या मुलीचं नाव होतं, माहेरच्या आडनावासकट. अक्षरं माझी होती. त्या काळी माझ्याकडे एक ठसा वाकडा होता, त्याचं अक्षर नेहमी ओळीच्या वर चढायचं. इथेही ते वर चढलेलं होतं.

 खरं सांगतो, मी गुडघ्यांवर बसलो. ज्या देवाला मी तीस वर्षं फसवलं, त्याने माझी लाज राखायला स्वतः घंटा बांधली होती, आणि तीही मी सांगितलेल्या पत्त्यावर. मी डोळे मिटले आणि हात जोडले. आता यापुढे खोटं बोलणार नाही असं काहीतरी पुटपुटत होतो.

"उठा. दगड गार आहे," बायको मागे उभी होती.

"अगं, बघ," मी म्हणालो. मी बोटाने घंटा दाखवली.

"बघितलीय. मीच बांधली."

मी बसल्या बसल्या तिच्याकडे वळलो.

"तुम्ही इथून परत आलात त्याच्या दुसऱ्या वर्षी दुकानाची साफसफाई केली होती मी," ती म्हणाली. "किल्ल्यांच्या खणात सापडली. तुम्ही लग्नाला म्हणून परगावी गेला होतात, तेव्हा पोरीला आईकडे ठेवलं आणि आले."

"त्या साखळीवरून?"

"मग काय उडत? उतरताना तर बसून बसून उतरले. साडी फाटली."

"आणि इतकी वर्षं बोलली नाहीस?"

ती माझ्या शेजारी बसली. तो दगड खरंच गार होता. "त्या तीन रात्री पोर तुमच्या छातीवर होती," ती म्हणाली. "तुम्ही बसून जागलात. मला मात्र दुसऱ्या रात्री झोप लागली. सकाळपर्यंत उठले नाही मी. आपली पोर तशी असताना झोपले, हे माझ्या मनातून कधी गेलं नाही. म्हटलं, जागायचं काम यांनी केलं, चढायचं आपण करावं. फिट्टंफाट."

मला ती झोपली होती हे आठवतही नव्हतं. तिने मात्र ते तीस वर्षं उराशी धरलं होतं, आणि मी आपला माझीच चोरी लपवत बसलो होतो. मला फार वाईट वाटलं. तिचा हात धरावासा वाटला म्हणून धरला.

"मग आता का आणलंस?" मी विचारलं.

"वारा होता तोवर ठीक होतं. सापही चालवून घेतला. पण वाघ आला तेव्हा म्हटलं, आता पुरे, आणि पोरीला ही सहल ठरवायला सांगितली. पोरगं शाळेत सांगत सुटलंय." मग तिने हात पुढे केला. "काढा ती. पायथ्यापासून वाजतेय."

मी निमूटपणे नवी घंटा काढून दिली. तिने ती उजेडात धरून वाचली. आधी तिचे खांदे हलले, मग ती तोंडावर पदर धरून इतकी हसली की कॅमेरावाला चार नंबर वळून बघायला लागला. "तरी म्हटलं, कुंडीत काय उगवतंय," ती कशीबशी म्हणाली.

जुन्या घंटेशेजारी आम्ही नवी बांधली. जावई गरीब आहे, त्यालाही थोडी कृपा मिळाली तर कोणाचं बिघडणार नाही. गाठ मारून वळलो तेव्हा सूर्य चांगला हातभर वर आला होता आणि शिट्टीबाई 'आठ आणि नऊ गैरहजर' असं यादीत लिहीत होत्या.

उतरायची वेळ झाली. साखळीपाशी सगळे रांगेत उभे राहिले. मी नारिंगी जॅकेट काढून शिट्टीबाईंच्या पुढे धरलं.

"हे आठ नंबरला द्या," मी म्हणालो. "अनुभवी त्या आहेत. मी आज पहिल्यांदाच आलोय."

"मग खाली अनुभवी म्हणून जॅकेट घातलंत ते?"

"ते खोटं होतं. आणि गाय नव्हती, मीच होतो."

नऊच्या नऊ जण माझ्याकडे बघत होते. कान गरम झाले, पण तीस वर्षांत इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. बायकोने जॅकेट घातलं. ते तिला गुडघ्यापर्यंत आलं. तिने चेन गळ्यापर्यंत ओढली आणि रांगेच्या शेवटी, माझ्या मागे जाऊन उभी राहिली.

मी साखळी धरली आणि उतरायला लागलो. मधल्या कडीपाशी आलो आणि व्हायचं तेच झालं. पाय थांबले, डोळे मिटले.

वरून तिचा आवाज आला. "मागचं दार मीच लावलंय. उतरा आता."