शिडीच्या बाजूने

किल्लीवाल्यांचं म्हणणं असं होतं, की नवा खेळाडू घेताना क्लबवाले किल्ली कुलपात जाते की नाही एवढंच बघतात. गेली, की पैसे मोजून मोकळे. ती फिरते का, हे बघायला कुणी थांबत नाही. उभं आयुष्य किल्ल्या घासण्यात घालवलेल्या माणसाने असं म्हटल्यावर ऐकणाऱ्याला मान डोलावण्यावाचून दुसरं काही सुचत नसे.

ऐकणारे मुख्यतः दोन. मैदानाच्या पूर्वेकडच्या स्टँडमध्ये नवव्या रांगेत तिघांच्या तीन खुर्च्या होत्या. उजवीकडे चष्मेवाले, डावीकडे लिफ्टदुरुस्तीवाले आणि मधे किल्लीवाले. पास दर वर्षी नवे व्हायचे, माणसं तीच. क्लबने या काळात किती खेळाडू घेतले आणि विकले याची गणती नव्हती, पण नवव्या रांगेत एकही बदल झाला नव्हता. किल्लीवाले हे अभिमानाने सांगत. "आमच्याकडे बदली नाही. दुखापत झाली तरी आम्हीच खेळतो."

उन्हाळ्यात, सीझन संपून मैदानावर नवं गवत पेरलेलं असताना, किल्लीवाले गेले. दुकानातच, स्टुलावर बसल्या बसल्या.

त्यांची लेक दातांच्या कवळ्या तयार करणाऱ्या एका प्रयोगशाळेत कामाला होती. बारा तोंडांचे बारा साचे समोर मांडून, मेणात एकेक दात बसवत दिवस काढायचा, असं ते काम. हात गुंतलेले आणि डोकं मोकळं. त्या मोकळ्या डोक्यात ती बाबांची वाक्यं घोळवायची. डावा बॅक घाबरला की मोठ्याने ओरडतो. गोलकीपर पेनल्टीच्या आधी ज्या बाजूला थुंकतो, त्याच बाजूला उडी घेतो. ज्याला विकायचं ठरलंय त्याला आधी कॅप्टन करतात, म्हणजे भाव वाढतो. तिला फुटबॉलमधलं फारसं कळत नव्हतं, पण बाबांचा आवाज त्या वाक्यांमध्ये होता, आणि आवाज आठवायला दुसरं काही तिच्यापाशी नव्हतं. फोटोत माणूस बोलत नाही.

नवा सीझन तोंडावर आला तेव्हा क्लबकडून फोन आला. पहिल्या सामन्याच्या आत मधल्या खुर्चीला घरातलं कुणाचं तरी नाव लावा, नाहीतर ती प्रतीक्षायादीत जाईल. फोनवरची मुलगी गोड बोलत होती, तरी लेकीने बघते म्हणून फोन ठेवून दिला.

त्या रविवारी दोघे काका घरी आले. आई खिडकीपाशी मशीनवर होती. ती घरी पडदे शिवून द्यायची, आणि गिऱ्हाइकाचं काम पाहुणे आले म्हणून थांबत नसे. लेकीने चहा केला. लिफ्टवाले काका बराच वेळ बशीकडे बघत राहिले, मग म्हणाले, "खुर्चीचं काय ठरवलंयत?"

"माझ्या नावावर करते," ती म्हणाली.

"तू येणार?" चष्मेवाल्यांनी चष्मा काढला. "छान की!"

"येणार नाही. खुर्ची रिकामी राहील. बाबांची म्हणून."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"रिकामी?" लिफ्टवाले म्हणाले. "अगं, थंडीत मधल्या खुर्चीतून वारा येतो. बाबा होते तेव्हा आम्हाला भिंतीचा आडोसा होता."

"त्याच्या मनात त्याचा मेहुणा आहे," चष्मेवाल्यांनी फोडून टाकलं. "सकाळपासून सांगू का नको, सांगू का नको चाललंय."

"मेहुणा सरळ माणूस आहे."

"तुझा मेहुणा हाफटाइमला घरी जातो. मागच्या वर्षी दोन गोल चुकवले त्याने. गर्दी टाळायची म्हणे!"

"पण रिकाम्या खुर्चीपेक्षा बरा ना?"

"रिकामी खुर्ची निदान शेवटपर्यंत थांबते."

लेक हसली नाही. "मेहुण्यांना नाही द्यायची, काका. राग मानू नका."

लिफ्टवाल्यांनी राग मानला नाही. विषय बदलावा म्हणून ते शिडीवर आले. शिडी म्हणजे क्लबचा उंच, सावकाश पळणारा फॉरवर्ड. खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचा बाजार बंद व्हायला आठवडा उरला होता आणि क्लब त्याला विकणार अशी बातमी होती.

"विकू देत एकदाचा," लिफ्टवाले म्हणाले. "सहा वर्षं झाली. याच्यापेक्षा गोलपोस्ट जास्त हलतो."

"घेणार कोण?"

"ज्याला बल्ब बदलायचेत तो!"

"किल्लीवाला असता तर आज भांडला असता," चष्मेवाले म्हणाले. मग त्यांनीच सावरून घेतलं. "पण काय नजर होती हो त्याची! गोलकीपरचं थुंकणं त्यानेच हेरलं. मी चष्मेवाला, मला बारा सीझन दिसलं नाही."

"ते मी सांगितलं होतं," आई म्हणाली.

मशीन थांबलं होतं. आई सुईत दोरा ओवत होती आणि तिने वर बघितलंही नव्हतं.

"काय म्हणालात, वहिनी?"

"थुंकण्याचं. ते मी ह्यांना सांगितलं. भावोजी, तुमच्या नवव्या रांगेतून माणूस थुंकलेला दिसतो तरी का? टीव्हीवर जवळून दाखवतात."

चष्मेवाल्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला, जणू आता तरी दिसेल. लिफ्टवाल्यांना खोकला आला. "आणि डावा बॅक? घाबरला की ओरडतो ते?"

"तेही." दोरा ओवला गेला. "चहा गार होतोय तुमचा."

काका गेल्यावर लेकीने कप उचलले नाहीत. ती मशीनजवळच्या स्टुलावर येऊन बसली. लहानपणी आतल्या खोलीत अभ्यास करताना सामन्याच्या दिवशी मशीनची खडखड मधेच बंद पडायची, आणि पुढच्या खोलीतला टीव्ही तेवढा ऐकू यायचा. तिला वाटे, आईचा दोरा तुटला. इतक्या वर्षांत आईचा दोरा नेमका कॉर्नर किकलाच का तुटतो, असा प्रश्न तिला पडला नव्हता.

"कॅप्टन करून भाव वाढवतात, ते कुणाचं?" तिने विचारलं.

"माझं. म्हणजे कॅप्टन करतात एवढं त्यांच्या लक्षात आलं होतं. का करतात ते मी सांगितलं."

"आणि इंजिन म्हणायचे त्या खेळाडूचा गुडघा? पट्टी बांधायला लागला म्हणजे आता जाणार, असं म्हणाले होते. आणि गेला तो."

"माझं."

"आई, तुला राग नाही आला कधी? तिथे जाऊन स्वतःचं म्हणून सांगायचे!"

"राग कसला? घरी आले की बूट काढायच्या आधी सांगायचे, आज तुझं वाक्य चाललं. दोघांची तोंडं बंद केली म्हणे." आईने कापड फिरवून किनार बघितली. "त्यांच्याकडे ऐकणारे होते, माझ्याकडे टीव्ही होता. मी तिथे जाऊन काय करणार? तिथे परत दाखवत नाहीत."

उन्हाळ्यापासून मेणात दात बसवताना जो आवाज ती जपत होती, त्यातले शब्द बाबांचे नव्हतेच. मग बाबांचं म्हणून तिच्याकडे होतं काय? एक दुकान, तेही भाड्याचं. एक खुर्ची, क्लबची.

"मग बाबांचं काय होतं?" आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा चढला.

आईने दोरा दाताने तोडला.

"चुकलेलं सगळं त्यांचं."

"म्हणजे?"

"तो परदेशातला विंगर आठवतो? चिकण्या? पहिल्या सामन्यात दोन गोल केले, तर म्हणाले, दहा वर्षांचं काम झालं. दिवाळं निघालं त्याच्यापायी क्लबचं. तो ह्यांचा. गोलकीपर बदलू नये म्हणून क्लबला फोन केला होता, तोही ह्यांनीच. किल्ली फिरते का बघा म्हणायचे ना, ते वाक्यही त्यांचंच. पण कुठली फिरेल हे त्यांना एकदाही ओळखता आलं नाही." आई हसली. उन्हाळ्यानंतर पहिल्यांदाच. "आणि शिडी."

"शिडी?"

"मी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, हा चेंडू आला की खाली बघतो, ह्याला परत पाठवा. दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी. चेंडू आकाशात मारून यायचा तो, आणि हे घरी येऊन म्हणायचे, येईल, त्याला वेळ लागतो. नवी किल्ली पहिल्यांदा अडतेच. सहा वर्षं हेच. मी म्हणायचे, अहो, तेवढ्यात मूल लिहा-वाचायला शिकतं."

"मग?"

"मग काही नाही. हटून बसायचे." आईने पडद्याची घडी घातली. "तुझ्याही बाबतीत तसेच. तीन वर्षांची होईपर्यंत बोलत नव्हतीस. मी डॉक्टरकडे न्यायचं म्हणत होते. ते म्हणाले, येईल, तिला वेळ लागतो. तेवढं एक बरोबर निघालं त्यांचं."

लेक उठली आणि कप धुवायला गेली. नळ बराच वेळ वाहत राहिला. परत आली तेव्हा आई दिवा लावून दुसरा पडदा कापायला घेत होती.

"खुर्ची रिकामी ठेवू नकोस," आई कापडाकडे बघत म्हणाली. "त्या दोघांनी शिडीला विकायचं ठरवूनच टाकलंय. मधे बोलायला कुणी नको?"

दुसऱ्या दिवशी कामावर जायच्या आधी लेक क्लबच्या कचेरीत गेली आणि खुर्चीला आईचं नाव लावून आली. आई रागावली. म्हणाली, मी तुला बोलायला सांगत होते. लेक म्हणाली, मला काय कळतंय त्यातलं? ते खरंच होतं.

बाजार बंद व्हायच्या आदल्या दिवशी, पहिल्या सामन्याला दोघी बसने गेल्या. लेकीला दहाव्या रांगेत, आईच्या बरोबर मागे तिकीट मिळालं होतं. आईने चांगली साडी नेसली होती, वरून बाबांचा जुना कोट घातला होता आणि पिशवीत शिवणाचं काम घेतलं होतं, वेळ गेला नाही तर असावं म्हणून. दोघे काका उठून उभे राहिले. लिफ्टवाल्यांनी खुर्ची रुमालाने पुसली. चष्मेवाल्यांनी आपली दुर्बीण देऊ केली.

"असू द्या, भावोजी. तुम्हालाच लागेल."

पिशवी काही उघडली गेली नाही. आई पुढे झुकून बसली होती. मागून लेकीला तिचे पांढरे केस आणि कोटाची कॉलर तेवढी दिसत होती. काही घडलं की आईचा जमिनीवर हलणारा उजवा पाय थांबायचा. मशीनसारखाच.

शेवटची वीस मिनिटं उरली तेव्हा शिडीला मैदानात उतरवलं. स्टँडमध्ये कुणीतरी शिट्टी मारली. कुणी ओरडलं, सांभाळून, विजेच्या तारा आहेत! बरोबरी चालू होती. मग एकदा चेंडू सुटून शिडीच्या पायाशी आला. समोर गोलकीपर एकटा. शिडीने खाली बघितलं. पुन्हा बघितलं. मारला तो पार वरून, जाहिरातीच्या पाटीच्या मागे, जिथे नुसतं आभाळ होतं.

सगळा स्टँड कण्हला. नवव्या रांगेतली दोन डोकी एकदमच मधल्या खुर्चीकडे वळली. आता खरी नजर कुणाची हे दोघांना माहीत होतं.

"बोला, वहिनी," लिफ्टवाले म्हणाले. "तुम्हीच सांगा आता. विकायचा की नाही?"

लेक मागे श्वास धरून बसली. आईचं मत तिला माहीत होतं, पहिल्या वर्षापासूनचं. ते एकदा इथे उच्चारलं गेलं की या खुर्चीत बाबांचं म्हणून काही उरणार नव्हतं.

आईने कोटाची कॉलर सारखी केली.

"येईल," ती म्हणाली. "त्याला वेळ लागतो."

"सहा वर्षं झाली, वहिनी!"

"मग? किल्ली नवी असली की अडतेच."

चष्मेवाल्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला, आणि मैदानात खेळ पुन्हा सुरू झाला तरी ते पुसतच राहिले. मग लिफ्टवाले एकदम उसळले. "नवी? अहो, गंजली ती!" आई म्हणाली, "गंज तेलाने निघतो." "कुठलं तेल?" "विश्वास ठेवा की जरा!" आणि तिघं भांडायला लागले, इतक्या जोरात की पुढच्या रांगेतल्या एकाने वळून बघितलं.

सामना बरोबरीत सुटला. बसला गर्दी होती. दोन थांब्यांनी जागा मिळाली तेव्हा आईने पिशवी मांडीवर घेतली आणि खिडकीबाहेर बघत म्हणाली, "विकायलाच हवं त्याला. अजून खालीच बघतो."

लेकीने चमकून तिच्याकडे पाहिलं.

"हे घरी," आई म्हणाली. "तिथे नाही."